फ्रान्सचे ब्रेतॉन गाणे: अल्पसंख्य भाषेची निवड नेमकी कोण करते आणि त्यातून भाषेला काय मिळते?

अभोगी (धागाकर्ता)

युरोव्हिजन ही युरोपातील वार्षिक गीतस्पर्धा मी बऱ्याच वर्षांपासून आवडीने पाहतो. फ्रान्सने २०२२ मध्ये पाठवलेल्या गाण्यामुळे पडलेला एक प्रश्न मात्र अजून सुटत नाही, म्हणून येथील जाणकारांपुढे तो मांडतो.

ज्या देशाच्या राज्यघटनेचे दुसरे कलम 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' असे सांगते, ज्या देशाने प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेवर १९९९ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु कायदे घटनेला धरून आहेत की नाही हे तपासणाऱ्या घटना परिषदेच्या हरकतीनंतर तिला आजतागायत अंतिम मान्यता दिलेली नाही, त्याच देशाने सुमारे १६ कोटी प्रेक्षकांसमोर आपले प्रतिनिधी म्हणून अल्वान आणि आहेझ यांचे 'फ्युलेन' हे पूर्णपणे ब्रेतॉन, म्हणजे पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांताच्या, भाषेतले गाणे उभे केले. घटनाक्रम पाहिला तर नवल अधिकच वाटते. ब्रिटनी प्रांताचे खासदार पॉल मोलाक यांनी मांडलेला प्रादेशिक भाषांचा कायदा २०२१ च्या एप्रिलमध्ये संसदेने संमत केला आणि २१ मे रोजी घटना परिषदेने त्यातील सर्व विषय प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याच दिवशी रॉटरडॅम येथे फ्रान्सची बार्बारा प्राव्ही फ्रेंच गाणे गाऊन युरोव्हिजनमध्ये दुसरी आली. म्हणजे फ्रेंच भाषेतून उत्तम यश मिळाल्यानंतरच्या वर्षी, आणि ब्रेतॉन शाळांच्या पायाखालची वाळू सरकवणाऱ्या निकालानंतर दहा महिन्यांच्या आत, फ्रान्सने ब्रेतॉन गाणे निवडले. तुरीन येथील अंतिम फेरीत ते २५ देशांमध्ये २४ वे आले आणि त्याला १७ गुण मिळाले.

ही निवड म्हणजे भाषिक औदार्य समजावे, की वर्षातून एकदा दिवाणखान्यात मांडण्याची शोभेची वस्तू? ब्रेतॉनला तीतून काही लाभले का? ज्यांनी हा विषय जवळून पाहिला आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

ओसरी

अभोगी, आपल्या प्रश्नात 'फ्रान्सने निवडले' असे जे म्हटले आहे, तेथेच थोडे थांबायला हवे, कारण घटना परिषद, संसद आणि दूरदर्शन वाहिनी ही तीन वेगवेगळी घरे आहेत. युरोव्हिजनमध्ये देश भाग घेत नाहीत, युरोपीय प्रसारण संघाच्या सदस्य वाहिन्या भाग घेतात, आणि गाणे कसे निवडायचे हे त्या त्या वाहिनीने ठरवायचे असते. 'फ्युलेन'ची निवड ५ मार्च २०२२ रोजी फ्रान्स २ वाहिनीवरील कार्यक्रमात प्रेक्षकांची मते आणि परीक्षक मंडळ या दोहोंनी मिळून केली. त्यात शिक्षणमंत्र्यांचा संबंध नव्हता आणि घटना परिषदेचा तर नव्हताच.

फ्रान्सने हा प्रयोग पहिल्यांदा केला असेही नाही. १९९२ मध्ये माल्मो येथे मार्टिनिक या कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटावरच्या काली यांनी फ्रेंच आणि अँटिली बेटांवरची क्रिओल यांचे मिश्रण असलेले गाणे गायले व ते आठवे आले. १९९३ मध्ये पात्रिक फिओरी यांच्या गाण्यात कॉर्सिकन भाषा होती आणि त्यांनी चौथा क्रमांक मिळवला. १९९६ मध्ये ओस्लो येथे दान आर ब्राझ आणि त्यांचा संच ब्रेतॉन गाणे घेऊन गेला आणि २३ गाण्यांत १९ वा आला. २०११ मध्ये आमोरी वासिली यांचे कॉर्सिकन गाणे सट्टेबाजांच्या यादीत पहिले होते, प्रत्यक्षात पंधरावे ठरले. या चारही वेळी प्रेक्षकांना विचारलेले नव्हते. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी आतल्या आत कलाकार ठरवले होते. २०२२ चे वेगळेपण येथे आहे, कारण फ्रेंच प्रेक्षकांसमोर फ्रेंच गाण्यांचा पर्याय असतानाही त्यांनी हे गाणे पुढे आणले.

नियमांचा अडथळा म्हणाल तर तो कधीच नव्हता. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात आपल्या देशातील भाषेतच गायचे असे बंधन होते, पण ती भाषा देशातील बहुसंख्यांचीच असावी असे कोणी म्हटलेले नव्हते. उलट, हे बंधन होते तोवर अल्पसंख्य भाषांची स्पर्धा निदान घरच्या मोठ्या भाषेशी तरी होती. १९९९ मध्ये बंधन उठले आणि सगळ्यांची गाठ थेट इंग्रजीशी पडली.

आपण उल्लेखिलेले घटनेतील वाक्यही मूळचे नाही, ते २५ जून १९९२ च्या दुरुस्तीने आले. त्या वेळी युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराची चर्चा जोरात होती आणि इंग्रजीच्या आक्रमणापासून फ्रेंचचे रक्षण करण्यासाठी हे वाक्य हवे, असा युक्तिवाद होता. पुढे ते इंग्रजीपेक्षा ब्रेतॉन, बास्क आणि कॉर्सिकन यांच्याविरुद्धच अधिक वेळा काढले गेले. काली यांनी माल्मोच्या मंचावर क्रिओल गायले ती तारीख ९ मे १९९२. त्यानंतर सात आठवडेही उलटले नव्हते तोच ही दुरुस्ती झाली. एकाच वर्षात एक सरकारी वाहिनी देशाचे बहुभाषिक रूप दाखवत होती आणि दुसरीकडे घटनेत एकच भाषा लिहिली जात होती, आणि यात कोणालाही फारशी विसंगती जाणवली नाही. गाणे हा संस्कृतीचा भाग आणि भाषा हा राज्याचा, अशी विभागणी तेथील मनात इतकी पक्की आहे की औदार्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे माझे मत आहे.

मध्यलय

ओसरी यांचा मुद्दा पटतो, आणि त्याला पुष्टी देणारे उदाहरण त्याच वर्षी शेजारच्या देशात घडले. स्पेनने २९ जानेवारी २०२२ रोजी बेनिडॉर्म येथे आपले गाणे निवडले. तेथे तान्शुगेइरास या तीन गायिकांचे गॅलिशियन भाषेतील 'तेर्रा' हे गाणे लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतले. दूरध्वनी व संदेशांद्वारे आलेल्या मतांपैकी ७०.७५ टक्के मते त्यांना पडली आणि निवडक प्रेक्षकांच्या पाहणीतही त्या पहिल्या आल्या. तरीही अंतिम गणित असे जुळले की शानेल यांना ९६, रिगोबेर्ता बान्दिनी यांना ९१ आणि तान्शुगेइरास यांना ९० गुण मिळाले.

हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. निम्मे वजन परीक्षकांना होते, उरलेले पाहणी व मतदान यांत वाटलेले होते, आणि दोन्हीकडे टक्केवारीचे नव्हे तर क्रमांकाचे गुण धरले जात होते. पहिल्या क्रमांकाला ३० गुण, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २० असा तो हिशेब होता. त्यामुळे सत्तर टक्के मतांची किंमत ३० गुण झाली आणि शानेल यांच्या जेमतेम चार टक्के मतांची किंमत २० गुण झाली. परीक्षकांनी शानेल यांना ५१ आणि तान्शुगेइरास यांना ३० गुण दिले, तेथे निकाल लागला. प्रकरण संसदेतील प्रश्नांपर्यंत पोहोचले. शानेल यांच्यावर समाजमाध्यमांत इतकी गलिच्छ टीका झाली की त्यांना ट्विटर सोडावे लागले. तो प्रकार निंद्यच होता, कारण गुणांचे कोष्टक त्यांनी बनवले नव्हते. पुढे तुरीनला त्या तिसऱ्या आल्या, तेव्हा परीक्षकांची निवड स्पर्धेच्या दृष्टीने चुकली असेही म्हणता येत नाही.

स्पेनची राज्यघटना फ्रान्सच्या तुलनेत कितीतरी मोकळी आहे. १९७८ च्या घटनेच्या तिसऱ्या कलमाने स्वायत्त प्रांतांत त्यांच्या भाषांना सहराजभाषेचा दर्जा मिळतो आणि गॅलिशियनमधून शाळा व प्रशासन चालते. असे असूनही स्पेनकडून गॅलिशियन, बास्क किंवा कॅटलन गाणे युरोव्हिजनला गेले नाही. कॅटलनला मंच मिळाला तो चिमुकल्या अँडोराकडून, २००४ ते २००९ या वर्षांत. १९६८ ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. जुआन मानुएल सेर्रात यांनी निवड झाल्यावर कॅटलनमधून गाण्याचा आग्रह धरला, फ्रँकोच्या राजवटीने नकार दिला, ऐनवेळी मासिएल यांना उभे करण्यात आले आणि लंडनला त्या स्पॅनिशमधून गाऊन जिंकल्या. तेव्हा ज्या देशाचा कायदा कडक तेथे अल्पसंख्य भाषेचे गाणे गेले आणि ज्या देशाचा कायदा सैल तेथे ते अडले, असे उलटे चित्र दिसते. सनद आणि कलमे बाजूला ठेवून गुणांचे कोष्टक आधी वाचावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कासारघाट

माझे वास्तव्य काही वर्षांपासून ब्रिटनीतील रेन शहरात आहे, त्यामुळे 'शोभेची वस्तू' या शब्दांविषयी थोडे लिहितो. शहराच्या वेशीवरील पाटीवर फ्रेंच नावासोबत 'रोआझोन' हे ब्रेतॉन नावही आहे, पण येथे दुकानात किंवा बसमध्ये ब्रेतॉन कानावर पडणे दुर्मीळ आहे. २०१८ च्या पाहणीत या भाषेचे सुमारे दोन लाख भाषक आढळले आणि त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही संख्या दहा लाखांच्या घरात होती. शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलाला शिक्षा करायची आणि घरी आईवडिलांनीच मुलांशी फ्रेंच बोलायचे, असे घडत घडत अवघ्या दोन पिढ्यांत ही गळती झाली.

अशा स्थितीत आहेझमधील तिन्ही तरुणी ब्रेतॉनमधून गाऊ शकतात, यामागे दिवान नावाच्या शाळा आहेत. पालकांनी १९७७ मध्ये एका खेड्यात पहिली शाळा काढली. तेथून वाढलेल्या या जाळ्यात सगळे विषय ब्रेतॉनमधून शिकवले जातात आणि या गायिका त्याच शाळांत शिकल्या आहेत. घटना परिषदेने २१ मे २०२१ रोजी ज्या पद्धतीला घटनाबाह्य म्हटले, नेमक्या त्याच पद्धतीतून फ्रान्सचे २०२२ चे प्रतिनिधी तयार झाले होते. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाइतकीच ही बाब मला बोलकी वाटते. शाळा नसत्या तर या वयाच्या गायिका कोठून आल्या असत्या?

गाण्याविषयीही थोडे सांगतो, कारण केवळ क्रमांक पाहणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटते. मध्य ब्रिटनीत 'कान हा डिस्कान' नावाची गायनपद्धत आहे. एक गायक ओळ म्हणतो, दुसरा त्या ओळीच्या शेवटच्या शब्दांवर आपला आवाज चढवतो आणि मग तीच ओळ पुन्हा म्हणतो, तिच्या शेवटावर पहिला परत येतो. पोवाड्यात झीलकरी शाहिराचा चरण उचलून धरतात, तसाच हा प्रकार, फक्त येथे दोघांचे आवाज क्षणभर एकमेकांवर चढलेले राहतात, त्यामुळे श्वासाला जागा मिळते आणि नाचणाऱ्यांचा ठेका तुटत नाही. रात्रभर चालणाऱ्या 'फेस्ट नोझ' या मेळ्यांत वाद्यांशिवाय नुसत्या या गायनावर माणसे हातात हात गुंफून नाचतात, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या मेळ्यांची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. आहेझ त्या परंपरेतल्या आहेत, तर अल्वान हे रेनचे इलेक्ट्रॉनिक संगीतकार. त्यांच्या गाण्यात खालून यंत्राचा ठोका आणि वरून ही जुनी ओढ असे जे झाले, ते मला स्वतःला फार आवडले. हिरव्या ज्वाळांच्या प्रकाशात ते थोडे भडक दिसले, हे मान्य करतो.

चोविसावा क्रमांक आल्याचे येथे कोणी फारसे मनावर घेतल्याचे मला दिसले नाही. त्या वर्षी युक्रेनच्या मागे सगळा युरोप उभा होता, आणि तसेही फ्रान्सला तळाच्या क्रमांकांची सवय आहेच.

उंबरठा

कासारघाट यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, तथापि मी अधिक साशंक आहे, आणि त्याचे कारण ब्रेतॉनपेक्षा मोठे यश मिळवलेल्या एका भाषेत आहे. २०१२ मध्ये बाकू येथे रशियाकडून बुरानोवो गावच्या आज्ज्यांनी उदमुर्त या रशियातील उदमुर्तिया प्रजासत्ताकाच्या भाषेत आणि इंग्रजीत गाणे गायले. घराच्या भट्टीतून पाव काढण्याचा देखावा, रंगीत पोशाख आणि निरागस हसू यांनी सगळ्यांना जिंकले. २५९ गुण मिळवून त्या दुसऱ्या आल्या. मिळालेल्या पैशातून गावातील चर्च पुन्हा उभारायचे, अशी त्यांची इच्छा होती. २०१० च्या जनगणनेत उदमुर्तचे भाषक सुमारे सव्वातीन लाख होते. एवढ्या लहान भाषेला असा प्रकाशझोत क्वचितच लाभतो.

त्यानंतर २०१८ मध्ये रशियाने शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि प्रजासत्ताकांतील स्थानिक भाषांचे शिक्षण ऐच्छिक झाले. १० सप्टेंबर २०१९ रोजी इझेव्स्क शहरात उदमुर्तियाच्या विधिमंडळासमोर अल्बर्ट राझिन या वयोवृद्ध उदमुर्त विद्वानांनी आपल्या भाषेच्या गळचेपीच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले आणि त्यांचा मृत्यू झाला. बाकूच्या टाळ्यांना तेव्हा सातच वर्षे झाली होती. ज्या सत्तेने त्या आज्ज्यांचे कौतुक केले, त्याच सत्तेने ही दुरुस्ती केली. आज्ज्या गोड दिसत होत्या आणि काहीही मागत नव्हत्या, म्हणून त्यांचे कौतुक सोपे होते.

मागणी घेऊन गेलेली गाणीही आहेत. नॉर्वेने १९८० मध्ये हेग येथे पाठवलेले 'सामीद एदनान' हे गाणे बरेचसे नॉर्वेजियनमध्ये होते, पण त्यात मात्तिस हेत्ता यांनी उत्तर युरोपातील सामी या मूलनिवासी लोकांचा योइक हा पारंपरिक गायनप्रकार गायला होता, आणि त्याचा विषय आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध सामी आंदोलकांनी १९७९ मध्ये ओस्लोच्या संसदेसमोर तंबू ठोकून केलेल्या उपोषणाशी जोडलेला होता. गाणे १९ देशांत सोळावे आले, धरणही झालेच. परंतु त्या आंदोलनातूनच पुढे १९८७ चा सामी कायदा आणि १९८९ ची सामी संसद आली. त्याचे श्रेय गाण्याला देणे भाबडेपणाचे होईल. श्रेय उपोषणाला बसलेल्यांचे आहे. गाण्याने एवढेच केले की पाद्री आणि शिक्षक ज्याला पाप समजत आले होते तो योइक राष्ट्राच्या नावाने गायला गेला.

अभोगी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गुणांच्या कोष्टकाचा आणि दिवान शाळांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. या निमित्ताने एक उपप्रश्न विचारतो. जमाला यांनी २०१६ मध्ये स्टॉकहोमला युक्रेनसाठी जिंकलेल्या '१९४४' या गाण्यात कडवी इंग्रजीत होती आणि ध्रुवपद क्रिमियन तातार भाषेत होते. स्टालिनने मे १९४४ मध्ये तातारांना क्रिमियातून हुसकावून लावले, त्या प्रसंगाविषयीचे ते गाणे ५३४ गुणांनी पहिले आले, तेही परीक्षकांत दुसरे आणि प्रेक्षकांतही दुसरे राहून. बुरानोवोच्या आज्ज्यांनीही इंग्रजी मिसळली होती. याउलट संपूर्ण ब्रेतॉनमधील दोन्ही गाणी तळाशी गेली, स्वित्झर्लंडचे १९८९ चे संपूर्ण रोमान्श या तेथील लहान भाषेतले गाणे घरच्या लोझान शहरात तेरावे आले, आणि एस्टोनियाचे २००४ चे व्होरो भाषेतील गाणे उपांत्य फेरीतच अडकले. मग इंग्रजीची जोड दिल्याशिवाय अशा गाण्यांना गत्यंतर नाही, असे समजावे का?

मध्यलय

इतक्या थोड्या उदाहरणांवरून नियम काढू नये. व्होरो गाणे उपांत्य फेरीत अकरावे होते आणि पहिली दहा पुढे जाणार होती. एका जागेने हुकलेल्या गाण्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या बाजूला, चेक प्रजासत्ताकाने २००९ मध्ये इंग्रजी आणि रोमा समाजाची रोमानी भाषा मिसळून गाणे पाठवले, त्याला उपांत्य फेरीत शून्य गुण मिळाले. जमाला यांच्या विजयात रशियाने २०१४ मध्ये केलेल्या क्रिमियाच्या बळकावणीची पार्श्वभूमी होती आणि तो विषय प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होता. इंग्रजी कडव्यांनी गोष्ट कळायला मदत केली असेल, परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते तातार ध्रुवपदच.

ओसरी

मध्यलय यांच्याशी सहमत. उपप्रश्नाचे ताजे उत्तर २०२५ मध्ये बाझेलला मिळाले आहे. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्होरो (वर उल्लेखिलेल्या एस्टोनियन भाषेशी याचा संबंध नाही, नावे केवळ सारखी ऐकू येतात) या लहानशा गावातील 'काय' (KAJ) नावाचे त्रिकूट आपल्या गावच्या स्वीडिश बोलीत गाते. फिनलंडमध्ये स्वीडिश भाषकांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. फिनलंडने स्वतः १९९० आणि २०१२ मध्ये स्वीडिश गाणी पाठवली होती. पहिले तळाला गेले आणि दुसरे अंतिम फेरीत पोहोचले नाही. 'काय' त्रिकुटाने मात्र स्वीडनच्या राष्ट्रीय फेरीत भाग घेतला, तेथे माजी युरोव्हिजन विजेते मोन्स झेल्मेर्लोव्ह यांच्यावर मात केली आणि सौना स्नानावरचे आपले विनोदी गाणे घेऊन ते स्वीडनचे प्रतिनिधी झाले. स्वीडनने १९९८ नंतर प्रथमच इंग्रजी सोडली होती. गाण्याला ३२१ गुण आणि चौथा क्रमांक मिळाला, आणि इंग्रजीची जोड त्याला लागली नाही.

येथे निवड करणारा देश आणि ती भाषा अल्पसंख्य असलेला देश हे वेगवेगळेच होते. ज्यांना क्रमांकांच्या पलीकडे जाऊन अशी गाणी ऐकायची आहेत, त्यांनी लीएट इंटरनॅशनल ही स्पर्धा जरूर शोधावी. नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात २००२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत केवळ अल्पसंख्य भाषांतील गाणीच घेतली जातात, त्यामुळे ब्रेतॉनची गाठ फ्रिसियन, सामी किंवा कॉर्सिकनशी पडते आणि मते कोणाच्या हातात आहेत याची चर्चा तेथे बरीच कमी होते.